नारिंगी चेंडू नको, सूर्य हवा: गिम्प आणि जीमिकने काल्पनिक सूर्य कसा करावा

लहानग्या मारुतीला सूर्य फळ वाटला हे ठीक, पण चित्र बघणाऱ्याला तसं वाटलं की कलाकाराचं काम फसलं. काल्पनिक सूर्याच्या बहुतेक पहिल्या प्रयत्नांत पडद्यावर शेवटी संत्रंच उमटतं: गोल, नारिंगी, भोवती पिवळसर धूर. त्यामागे एकच चूक असते. रंग मध्यभागी भरलेला असतो आणि प्रकाश कडेला. प्रत्यक्षात उलट घडतं. चुलीतला निखारा बघा. फुंकर लागते तिथं तो पांढुरका होतो आणि लालपणा उरतो तो राखेजवळच्या कडेला. खाली दिलेली प्रत्येक पायरी त्या निखाऱ्याच्या हिशेबाने बेतलेली आहे.

साधनं दोन आणि दोन्ही फुकट. एक गिम्प हे चित्रसंपादनाचं सॉफ्टवेअर, दुसरं त्यात बसणारं जीमिक हे प्लग-इन, म्हणजे जोड. जीमिक फ्रान्समधल्या काँ शहरातल्या ग्रेक प्रयोगशाळेत २००८ पासून विकसित होत आलं आहे. त्यात शेकडो फिल्टर आहेत. आपल्याला त्यातले दोनच लागतील.

बसवताना अडतं ते इथं

विंडोजवर जीमिकच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर घ्या, पण आधी गिम्पची आवृत्ती बघा. २.१० साठीची आणि ३ साठीची फाइल वेगळी असते. चुकीची घेतली तर कोणतीही तक्रार न करता प्लग-इन मेनूत दिसतच नाही, आणि लोक तासभर गिम्प पुन्हापुन्हा बसवत राहतात. लिनक्सवर, म्हणजे डेबियन किंवा उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत, गिम्प-जीमिक नावाचं पॅकेज मिळतं. फाइल हाताने टाकत असाल तर गिम्प ३ मध्ये प्रत्येक प्लग-इनला त्याच्याच नावाचं स्वतंत्र फोल्डर लागतं. सुटी फाइल तो वाचत नाही.

बसल्यावर 'फिल्टर्स' मेनूच्या तळाशी 'जीमिक-क्यूटी' दिसेल. खिडकीत एका बाजूला झलक, मध्ये फिल्टरांची यादी, उजवीकडे सरकपट्ट्या. यादीत वर शोधायची चौकट आहे, तिथं नाव टंकणं सर्वांत सोपं, कारण आवृत्तीगणिक फिल्टर एका गटातून दुसऱ्यात जातात. 'आउटपुट मोड' मात्र आत्ताच 'न्यू लेयर्स' करून ठेवा. तो 'इन प्लेस' राहिला तर मूळ लेयरच (चित्राचा थर) बदलून जातो.

कोरा कागद

नवी प्रतिमा २४०० × २४०० पिक्सेल. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून प्रिसिजन ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट आणि गॅमा लिनियर लाइट निवडा. पार्श्वभूमी काळी.

३२ बिटचा हट्ट कशासाठी? सूर्याभोवतीची आभा काळ्यापासून नारिंगीपर्यंत शेकडो पिक्सेलवर पसरते. ८ बिटमध्ये त्या उतारावर मोजक्याच छटा उरतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वलयं दिसू लागतात. शिवाय फ्लोटिंग पॉइंटमध्ये पांढऱ्याहून उजळ किंमतीही जपल्या जातात, म्हणजे प्रकाशाचे थर एकावर एक टाकले तरी मधला तपशील कायमचा जळत नाही. किंमत मेमरीत मोजावी लागते: या आकाराचा एक लेयर सुमारे ९२ मेगाबाइट घेतो. दहा लेयर म्हणजे गिगाबाइटच्या घरात, वर 'अन्डू'चा साठा वेगळा. ४ जीबीच्या यंत्रावर १६०० × १६०० घ्या (लेयरला ४१ मेगाबाइट) आणि पुढचे पिक्सेलमधले सगळे आकडे दोन तृतीयांश करा.

पृष्ठभाग

नवीन लेयर घ्या, पण पूर्ण आकाराचा नाही: रुंदी १०००, उंची १०००, ऑफसेट एक्स ७००, वाय ७००. तो बरोबर मध्यात बसतो. लेयर अचूक चौरस असणं गरजेचं आहे, नाहीतर पुढे गोलाचं अंडं होतं.

'फिल्टर्स → रेंडर → नॉइज → सॉलिड नॉइज' उघडा. एक्स साइज १६, वाय साइज १६, डीटेल १५, 'टर्ब्युलंट'ला खूण. उकळत्या पिठल्यासारखी दाणेदार जाळी येईल. खऱ्या सूर्यावर असेच दाणे आहेत. एकेक दाणा साधारण हजार किलोमीटरचा आणि पाच ते वीस मिनिटांत विरणारा. प्रमाणात काढायचे तर ते या चित्रात एका पिक्सेलहूनही लहान होतील, म्हणून इथं मुद्दाम मोठे घेतले आहेत.

त्यावर तसाच दुसरा १००० × १००० लेयर: साइज ५ आणि ५, डीटेल ६, टर्ब्युलंटची खूण काढलेली, सीड (नमुना ठरवणारा आकडा) बदललेलं. मोड, म्हणजे खालच्या लेयरशी मिसळण्याची पद्धत, 'ओव्हरले', अपारदर्शकता ५० टक्के. याने मोठे फिकट-गडद पट्टे येतात. हा लेयर गाळला तर पृष्ठभाग सगळीकडे सारखा दिसतो, फरशीच्या डिझाइनसारखा. 'मर्ज डाउन' करा, म्हणजे दोन्ही लेयर एक होतात, मग 'कलर्स → ऑटो → स्ट्रेच कॉन्ट्रास्ट'. सॉलिड नॉइज नेहमी मळकट करड्यात येतो. कॉन्ट्रास्ट ताणल्याशिवाय रंग चढत नाही.

डाग हवे असतील तर ते आत्ताच, गोल करण्याआधी काढा. मऊ ब्रश, २५ ते ४० पिक्सेल, अगदी काळा नव्हे तर गडद करडा. मध्ये गडद ठिपका, भोवती फिकट कडं. खऱ्या सूर्यडागांच्या दोन सवयी पाळा: ते बहुधा जोडीने किंवा गटाने येतात आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३५ अंशांच्या आत राहतात. ध्रुवावर डाग काढला की जाणकाराला लगेच खटकतो. आधी काढायचं कारण म्हणजे गोल करताना कडेचे डाग आपोआप चपटे होतात. नंतर हाताने काढलेले डाग चेंडूवर चिकटवलेल्या टिकल्यांसारखे दिसतात.

आता 'फिल्टर्स → डिस्टॉर्ट्स → स्फेराइझ'. मोड रेडियल, कर्व्हेचर १, अमाउंट १. परिणाम चौरसात बसणाऱ्या वर्तुळापुरता होतो, कोपरे जसेच्या तसे राहतात. ते कापायचे आहेत. त्याआधी 'लेयर → ट्रान्स्परन्सी → ॲड अल्फा चॅनल' करा (अल्फा म्हणजे पारदर्शकतेची नोंद; पर्याय करडा दिसला तर ती आधीच आहे). हे विसरलात तर डिलीट दाबल्यावर कोपरे पारदर्शक न होता पार्श्वरंगाने भरतात. लंबवर्तुळ निवडीच्या साधनात स्थान ७००, ७०० आणि आकार १०००, १००० टंका, निवड २ पिक्सेलने आक्रसा, ३ पिक्सेल फेदर द्या (कड मऊ होते), उलटवा, डिलीट करा आणि निवड काढून टाका.

याच कामासाठी 'मॅप ऑब्जेक्ट' हे जुनं फिल्टर सुचवलं जातं. त्यात एका बाजूने पडणारा प्रकाश मुळातच चालू असतो. तो बंद न करता वापरलं की सूर्याच्या अंगावर सावली पडते. स्वतः दिवा असलेल्या वस्तूला सावलीची बाजू कुठून येणार?

रंग

'कलर्स → कर्व्ह्ज' उघडा. खिडकीत वर उजवीकडे लिनियर आणि पर्सेप्च्युअल अशी दोन छोटी बटणं आहेत. इथं पर्सेप्च्युअल हवं. आडव्या अक्षाच्या बरोबर मध्यावर एकेक बिंदू घाला: लाल चॅनलमध्ये तो उभ्या अक्षाच्या ८५ टक्क्यांवर ओढा, हिरव्यात ४२ वर, निळ्यात ८ वर. तिन्ही वक्रांची वरची टोकं जागची हलवू नका. त्यामुळे मधल्या छटा पेटत्या नारिंगी होतात आणि सर्वांत उजळ दाणे पांढरे राहतात. निळ्याचं वरचं टोक खाली ओढलं तर पांढरं पिवळं होतं आणि तिथंच संत्र्याकडे वाटचाल सुरू होते.

निळा राक्षसी तारा हवा असेल तर मधले बिंदू असे: लाल ४५, हिरवा ७२, निळा ९५. विझत चाललेल्या तांबड्या ताऱ्यासाठी लाल ७०, हिरवा १८, निळा ६. हिरवा सूर्य हा अवघड प्रकार. निसर्गात हिरवा दिसणारा तारा नाही, कारण तप्त वस्तू सगळ्याच रंगांचा प्रकाश मिसळून देते आणि डोळ्याला बेरीज पांढरी दिसते. म्हणून हिरव्या सूर्यात मध्य पांढरा ठेवून हिरवा रंग फक्त कडा आणि आभेत वापरा. पोपटी तबकडी केली की ट्रॅफिक सिग्नल तयार.

आणि रंग निवडताना फार बिचकू नका. नासाच्या एसडीओ यानाची जगभर फिरणारी सोनेरी, तांबडी, जांभळी सूर्यचित्रं डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील तरंगलांबींची असतात. त्यांना रंग माणसांनीच नेमून दिले आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेच्या पुढाकाराने घडलेली आणि आदित्य-एल १ यानावर असलेली 'सूट' ही दुर्बीणही २०० ते ४०० नॅनोमीटर या अतिनील पट्ट्यातच सूर्य टिपते. त्या चित्रांतल्या पोताकडे नीट बघितलं तर पृष्ठभागासाठी भरपूर कल्पना मिळतात.

कडेचा अंधार

या एका पायरीने गोलाई येते. सूर्याच्या कडेकडे तिरकं बघताना आपली नजर वरच्या, थोड्या थंड थरातच अडते, म्हणून कड मंद दिसते. मध्याची चमक १०० धरली तर अर्ध्या त्रिज्येवर ती जवळपास ९२, त्रिज्येच्या ८० टक्क्यांवर ७६, ९५ टक्क्यांवर ५९ आणि अगदी कडेला ४० च्या आसपास. घसरण शेवटी शेवटी वेगाने होते हे लक्षात घ्या.

नवा लेयर, मोड 'मल्टिप्लाय'. ग्रेडियंटचं साधन रेडियल करा, रंग पांढऱ्यापासून गडद नारिंगीपर्यंत (लाल १५०, हिरवा ५०, निळा १०), आणि मध्यबिंदूपासून, म्हणजे १२००, १२०० पासून, तबकडीच्या कडेपर्यंत ओढा. ग्रेडियंट एकसारखा उतरतो, आपल्याला मात्र उशिरा घसरणारा हवा. म्हणून साधनाच्या पर्यायांत ऑफसेट ३५ ते ४० ठेवा. ऑफसेट शून्य ठेवलात तर मध्यभागी टॉर्चचा झोत मारल्यासारखं दिसेल. 'मर्ज डाउन' करण्याआधी तबकडीच्या अल्फावरून निवड घेऊन बाहेरचा भाग पुसा.

प्रभामंडल

इथं खरी कल्पना सुरू होते, कारण तबकडी आणि प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचं विरळ आवरण, डोळ्याला कधीच एकत्र दिसत नाहीत. प्रभामंडल तबकडीपेक्षा सुमारे दहा लाख पटींनी मंद असतं. ते बघायला खग्रास ग्रहण लागतं. चित्रात दोन्ही एकत्र दाखवतो ते कलाकाराच्या हक्काने.

तबकडीच्या खाली पूर्ण २४०० × २४०० चा लेयर घ्या. सॉलिड नॉइज: एक्स साइज १६, वाय साइज १, डीटेल ३, 'टाइलेबल'ला खूण. उभ्या रेघांचा पडदा दिसेल. टाइलेबल विसरलात तर पुढच्या टप्प्यात एकाच जागी केंद्रापासून बाहेर जाणारी सरळ फट दिसेल. ती नंतर बुजवता येते, पण कायम ओळखू येते.

कॉन्ट्रास्ट ताणा. वर 'मल्टिप्लाय' मोडचा एक लेयर टाकून त्यात सरळ उभा ग्रेडियंट ओढा: वाय १००० वर पांढरा, वाय २००० वर काळा. मर्ज करा. मग 'फिल्टर्स → डिस्टॉर्ट्स → पोलर कोऑर्डिनेट्स': सर्कल डेप्थ १००, 'मॅप फ्रॉम टॉप' आणि 'टू पोलर' या दोन्हींना खूण. वरची कड केंद्रात जाते, खालची बाहेर फेकली जाते आणि उभ्या रेघा किरणांसारख्या पसरतात. आकडे असेच का, तर तबकडीची त्रिज्या ५०० आहे आणि २४०० उंची १२०० त्रिज्येवर उतरते, म्हणून वाय १००० बरोबर तबकडीच्या कडेवर येतो. मधोमध काळं भोक आणि बाहेर उजेड दिसला तर 'मॅप फ्रॉम टॉप'ला खूण करायची राहिली आहे.

मोड 'ॲडिशन' करा आणि कर्व्ह्जने तबकडीचाच रंग द्या, थोडा फिका. किरण फारच शिस्तीत उभे वाटत असतील तर जीमिकमधलं 'रँडम' हे डिफॉर्मेशन लावा. अँप्लिट्यूड २० पासून सुरुवात करून स्मूदनेस वाढवत जा. स्मूदनेस कमी राहिला तर किरण वळत नाहीत, नुसते दातेरी होतात.

किरण

जीमिकमधलं 'लाइट रेज' फिल्टर प्रतिमेतल्या कडा शोधतं आणि तिथून बाहेर प्रकाश ओढतं. हे न कळल्यामुळेच अनेकांना ते निरुपयोगी वाटतं. गुळगुळीत गोल दिला तर एकसारखं बोथट वलय मिळतं. दाणेदार, डागाळलेली तबकडी दिली तर किरण तुटक आणि जिवंत येतात. आपला पृष्ठभाग त्यासाठी तयारच आहे.

प्रभामंडलाचा लेयर क्षणभर लपवा, 'लेयर → न्यू फ्रॉम व्हिजिबल' करा आणि त्या लेयरवर जीमिक उघडा. डेन्सिटी ३० ते ५०, केंद्र ५० आणि ५० टक्के, अटेन्युएशन ०.५. लांबी आधी अर्ध्यावर ठेवून बघा. मिळालेला लेयर तबकडीच्या खाली सरकवा, मोड 'स्क्रीन', अपारदर्शकता ३० ते ४०. तबकडी वर असल्यामुळे तिच्या अंगावरचे किरण झाकले जातात आणि बाहेरचेच दिसतात. 'न्यू फ्रॉम व्हिजिबल'चा लेयर आता काढून टाका, प्रभामंडल पुन्हा दाखवा.

जीमिकच्या झलकेवर फार विसंबू नका. झलक लहान प्रतिमेवर काढलेली असते. पिक्सेलमध्ये मोजली जाणारी सरकपट्टी तिथं जोरदार आणि प्रत्यक्षात फिकी पडू शकते. 'अप्लाय' दाबून खिडकी उघडीच ठेवा, निकाल बघा, मग पुन्हा जुळवा.

गिम्पमधलं 'सुपरनोव्हा' इथं मोह घालतं. ते भुईचक्र छान करतं, सूर्य नाही. 'लेन्स फ्लेअर'ची ठिपक्यांची माळ कॅमेऱ्याच्या काचांची असते. अवकाशातल्या, कॅमेरा कल्पिलेलाच नाही अशा दृश्यात तिचं काम नाही.

कडेच्या ज्वाळा

तबकडी १००० पिक्सेलची असेल तर त्या प्रमाणात पृथ्वी ९ पिक्सेलची, कारण सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे. म्हणून ७० ते १०० पिक्सेल उंचीची कमान म्हणजे आठ-दहा पृथ्वींएवढी झेप; एवढी पुरे. पाथ साधनाने कडेवर तीन-चार कमानी काढा, सगळ्या एका बाजूला आणि असमान. वेगळ्या लेयरवर ६ पिक्सेलचा स्ट्रोक द्या, रंग लाल २५५, हिरवा ६०, निळा ४०. लेयरची प्रत काढून तिला ८ पिक्सेल ब्लर, मोड ॲडिशन. मूळ लेयरवर पुन्हा 'रँडम', या वेळी स्मूदनेस कमी ठेवून, म्हणजे धागे विस्कटतात. सगळ्या बाजूंनी समान अंतरावर ज्वाळा काढल्या की सूर्यफूल होतं.

आभा

एकच मोठा ब्लर देऊन आभा होत नाही, धुकं होतं. खरी चमक कडेजवळ दाट आणि लांबवर विरळ असते. म्हणून तबकडीच्या तीन प्रती काढा, प्रत्येकीवर 'लेयर टू इमेज साइज' करा (नाहीतर ब्लर लेयरच्या चौकटीला अडून चौकोनी कापला जाण्याचा धोका असतो), आणि गॉशियन ब्लर अनुक्रमे १५, ६० आणि २०० पिक्सेल द्या. तिन्ही सर्वांत वर, मोड ॲडिशन, अपारदर्शकता ६०, ३५, २०. शेवटच्या प्रतीचा रंग थोडा तांबडा करा. मध्य आता पांढराफटक होईल. घाबरू नका, तो तसाच हवा. दाणे पार बुडाले तर पहिल्या प्रतीची अपारदर्शकता उतरवा. काळ्या जागेत उजेड दाखवायला मध्य किती जाळायचा हा शेवटी नजरेचा प्रश्न आहे. चित्र लांबून, लहान करून बघितलं की उत्तर लवकर मिळतं.

फोटोत बसवताना

समजा हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरच्या फोटोत दुसरा सूर्य लावायचा आहे. आधी खऱ्याचा आकार काढा. फोकल लेंग्थला ११० ने भागलं की सेन्सरवरचा व्यास मिळतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स म्हणजे सुमारे ०.४५ मिलिमीटर, चित्र ६००० पिक्सेल रुंद असेल तर सूर्य जेमतेम ७५ पिक्सेल. काल्पनिक सूर्य त्याच्या पाचपट केला तरी तो भलाथोरला वाटतो.

लेयर फोटोवर आणताना मोड 'नॉर्मल' ठेवू नका, 'स्क्रीन' किंवा 'ॲडिशन' घ्या. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये हवा उजळलेली असते, त्यामुळे सूर्याचा कोणताही भाग भोवतीच्या आकाशापेक्षा गडद दिसू शकत नाही. नॉर्मलमध्ये डाग आणि मंद कड आकाशाहून काळी पडते आणि कापून चिकटवल्याचं उघड होतं. क्षितिजाला टेकलेला सूर्य थोडा चपटा करा. वातावरणामुळे त्याची खालची कड वरच्यापेक्षा जास्त उचलली जाते. रुंदी १०० असेल तर उंची ८३-८४. ढग, डोलकाठी, माडाच्या झावळ्या सूर्याच्या पुढे राहायला हव्यात, त्यासाठी लेयर मास्कमध्ये (लेयरचा भाग झाकणाऱ्या पडद्यात) त्या काळ्या रंगवा. पण मास्कची कड चाकूने कापल्यासारखी ठेवू नका, १ ते २ पिक्सेल मऊ करा, कारण झगझगीत उजेड बारीक वस्तूच्या कडा खातो.

मग पाणी. सूर्याच्या बरोबर खाली, तेवढाच रुंद आणि बघणाऱ्याकडे येताना तुटत जाणारा चकाकीचा पट्टा लागतो. दोन सूर्य तर दोन पट्टे, आणि वाळूतल्या प्रत्येक माणसाला दोन सावल्या. नव्या सूर्याच्या रंगाचा एक लेयर 'सॉफ्ट लाइट'मध्ये १० ते १५ टक्क्यांवर सगळ्या फोटोवर पसरला की खडक आणि चेहरे त्या उजेडात येतात.

निर्यात करताना मूळ फाइल एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या स्वरूपात जपा आणि प्रतीवर काम करा. प्रत फ्लॅटन करा, म्हणजे सगळे लेयर एक होतात. फार जळलेली वाटली तर 'कलर्स → एक्स्पोझर' थोडं उतरवा. ३२ बिटमध्ये झाकलेला तपशील परत वर येतो. शेवटी 'फिल्टर्स → नॉइज → आरजीबी नॉइज', 'इंडिपेंडंट आरजीबी' बंद, तिन्ही किंमती ०.०२. जेपीईजी ८ बिटची असते, तिथं आभेत वलयं पुन्हा डोकं वर काढतात. ही बारीक रवाळी त्यांना मोडते. दर्जा ९२ च्या खाली नेलात तर मात्र जेपीईजीचं आकुंचन रवाळीच पुसून टाकतं आणि पापुद्रे परत येतात.